धाब्यावर बसवलेलं मत

संसदेत विजेच्या धोरणावर मतदान झालं त्या दुपारी आमचा टीव्ही नेहमीसारखा मुका होता. वडिलांनी तीस वर्षं सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापड कारखान्यात लूम चालवले आणि त्यात दोन्ही कान गेले. त्यांना ऐकू येईल इतका आवाज ठेवला तर भेस्तानच्या आमच्या घरातल्या बातम्या लांबच्या पर्वत पाटियापर्यंत पोचतात. म्हणून आवाज बंद. वडील ओठ वाचतात. लूमच्या खडखडाटात उभे राहिलेले सगळेच वाचतात, त्यात काही विशेष नाही.

देशाने कोळसा किती जाळायचा आणि उन्हाची वीज किती घ्यायची, असा काहीतरी त्या विधेयकाचा मामला होता. मतदान आवाजी होतं. म्हणजे बटण दाबायचं नाही, हात वर करायचा नाही. पाहिजे त्यांनी ‘हां’ म्हणायचं, नको त्यांनी ‘ना’ म्हणायचं, आणि कोणाचा आवाज मोठा ते खुर्चीवरच्याने ठरवायचं. ठार बहिरा माणूस मुक्या टीव्हीवर आवाजी मतदान बघत होता आणि मी शेजारी मेथी निवडत होते. शेवटी वडिलांनी स्वतःचा निकाल दिला.

“हां जास्त. ना बी व्हतात, पन मांगे. एक जन काही तरी चावत व्हता, त्याले मी मोजं नही.”

खुर्चीवरच्यांचा निकालही तोच लागला. वडिलांना फार आनंद झाला. विधेयकाचा नव्हे, पद्धतीचा. “मिनिट बी नही लागनं,” ते म्हणाले, “पुरा देशनी लाईट ठरी गई.”

या आनंदाला कारण होतं. सुरतेत सोसायटीच्या अध्यक्षाला प्रमुख म्हणतात आणि सचिवाला मंत्री. बारा घरांच्या आमच्या सोसायटीचे प्रमुख वडील आणि मंत्री मी, कारण गुजराती नीट लिहिता येणारी मी एकटीच. सोसायटीसमोर प्रश्नही विजेचाच होता. पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे उन्हावर चालवायचे, त्यासाठी गच्चीवर सोलर बसवायचं. तीन मीटिंगा झाल्या होत्या. तिन्ही वेळा चर्चा पार्किंगमध्ये मोटारसायकल कोण आडवी लावतो यावर गेली आणि तिथेच संपली.

गच्चीला इथे गुजरातीत धाबुं म्हणतात. खानदेशात मातीच्या घराच्या सपाट छताला धाबं म्हणतात. गाव सोडून सुरतेत आलेल्या आईला या शहरात जो पहिला शब्द ओळखीचा भेटला तो हा. तेव्हापासून धाबं तिचं. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात बाईमाणसाला स्वतःची अशी जागा मिळत नाही. तिला ती वर मिळाली. उन्हाळा लागला की ती ज्वारीच्या बिबड्या घालते. ओल्या फडक्यावर शिजवलेलं पीठ पापडासारखं पसरायचं, कडक उन्हात वाळवायचं. तिच्याबरोबर चारही मजल्यांच्या बायका वर चढतात, त्यात खानदेशच्या आहेत, वऱ्हाडच्या आहेत, नांदेडकडची एक आहे. वर त्या काय बोलतात ते खाली कधी कळलेलं नाही. मला वाटतं, बिबड्या हे निमित्तच असावं.

सोलरवाल्याने येऊन सांगितलं की सगळं धाबं लागेल. पाट्या कमरेइतक्या उंचीवर बसतील, त्यांच्याखाली सावली राहील. म्हणजे ऊन एक आणि गिऱ्हाईकं दोन.

पुढच्या रविवारी वडिलांनी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली आणि जाहीर केलं की यावेळी मतदान दिल्लीच्या पद्धतीने. पुरुष समोर खुर्च्यांवर, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. वडील म्हणाले, पाहिजे त्यांनी हो म्हणा. आमच्याकडचे पुरुष आयुष्यभर यंत्रावरून ओरडून बोललेले. त्यांनी असा ‘हो’ केला की समोरच्या सोसायटीचा वॉचमन बाहेर येऊन बघून गेला.

मग वडील म्हणाले, “नको त्यांनी नाही म्हणा.”

पायऱ्यांवर सगळ्या गप्प. आई उभी राहिली. पुरुषांसमोर ती पदर तोंडावर घेते, ओठ दिसत नाहीत. म्हणूनच वडिलांचे कान जायला लागले तेव्हा ती कारखान्यातल्या हाताच्या खुणा त्यांच्याकडून शिकून बसली होती. चहा, जेवण, पाहुणे आलेत, पोरीला ताप आहे, सगळं ती हातांनी सांगते. तिने पंजा आडवा धरला आणि झटकला. कारखान्यात त्याचा अर्थ एकच होतो, लूम बंद कर. मीटिंगमधल्या निम्म्या पुरुषांना ती खूण कळली. तळमजल्यावरचे काका तर सवयीने उठले आणि पार्किंगचा दिवा बंद करून आले.

वडिलांनी आईकडे नीट पाहिलं. नंतर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “आवाज नाही आला. मंजूर. लिहा मंत्री.”

ज्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही त्याने आवाज आला नाही म्हणून बायकोचं मत बाद केलं. आणि मी लिहिलं. ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं, सुंदर अक्षरात. एखादी गोष्ट धाब्यावर बसवणं म्हणजे काय ते मला शाळेतच शिकवलं होतं, पण बसवणाऱ्यांत मी असेन असं वाटलं नव्हतं. आधी मला आईचाच राग आला, ओरडायला काय झालं होतं? जिना चढेपर्यंत तो राग माझ्यावर आला आणि तिथेच राहिला.

आईने भांडण केलं नाही. तिने घरात दिल्लीची पद्धत सुरू केली. हातांच्या खुणा बंद. पदर तोंडावर घ्यायचा आणि साध्या आवाजात सांगायचं, “जेवन तयार शे.” ज्याला ऐकू येईल त्याने यावं. मला यायचं. मी जेवायची. वडील मुक्या टीव्हीसमोर बसून राहायचे आणि वास आला की उठायचे. चहा गार होऊन जायचा. मामा गावाहून येऊन स्वयंपाकघरात दोन तास बसून गेले, ते खोलीत झोपलेल्या वडिलांना संध्याकाळी कळलं.

चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “काय म्हनस ती?”

मी ओठ नीट हलवून म्हटलं, “आवाज नाही आला.”

मग त्यांनी चष्मा पुसला. मला त्यांची दया आली, पण मी ती दाखवली नाही.

रविवारी त्यांनी पुन्हा मीटिंग लावली. संसदेत म्हणे एकानेही मोजणी मागितली तर मतं मोजावी लागतात. तो एक कोण, असं कोणीतरी विचारलं. “मी,” वडील म्हणाले, आणि प्रमुख म्हणून स्वतःला परवानगी देऊन टाकली. घराला एक मत, हात वर. सोलर हवं, अकरा हात. सोलर नको, एक हात. तो वडिलांचा होता.

नांदेडकडचे शेजारी चक्रावले. “परमुखसाहेब, ठराव तर तुम्हीच आणलाव की!”

वडिलांनी त्यांचे ओठ वाचले. “ठराव प्रमुखना शे,” ते म्हणाले. “मत घरनं शे.”

पंधरा दिवसांत पाट्या बसल्या. आईचं धाबं गेलं ते गेलंच. मोटर आता उन्हावर चालते, जिन्यात दिवे असतात आणि बायका आपापल्या घरात असतात. वडिलांच्या एका मताने काहीही अडलं नाही.

रजिस्टरमध्ये मी ‘सर्वानुमते’ खोडलं आणि त्याखाली लिहिलं, बाजूने अकरा, विरोधात एक. आईला गुजराती वाचता येत नाही. पाट्या बसल्या त्या संध्याकाळी ती रजिस्टर घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. त्या मीटिंगला ती मुद्दाम आली नव्हती, आणि तिच्याशी सोलरविषयी बोलायची कोणाची छाती झाली नव्हती.

“तो एक कोन?”

“आप्पा.”

रजिस्टरच्या त्या ओळीवर तिने बोट ठेवलं, वाचता येत नसताना. मग म्हणाली, “म्हंजे त्यासले आयकू येस.”

वडील समोरच बसले होते. तिचा पदर तोंडावर होता, त्यामुळे त्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी मला भुवयांनी विचारलं, काय म्हणते? मी आईकडे पाहिलं. तिने रजिस्टर मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्यांच्याकडे वळून हात मोकळे केले.