बाप्पाच्या पाठीवरचे मांजर

आमच्या गिरगावच्या घरात दाराच्या मागे एक कापडी पिशवी टांगलेली असते. तिच्यात आजवर आलेल्या सगळ्या लग्नपत्रिका आहेत. त्यांतली लग्ने केव्हाच लागली, एकदोन मोडलीसुद्धा. पण प्रत्येक पत्रिकेवर गणपती असल्यामुळे एकही कचऱ्यात टाकता येत नाही. अनंत चतुर्दशीला त्या विसर्जनाला न्यायच्या असे दरवर्षी ठरते, आणि दरवर्षी पिशवी दारामागेच राहते.

नातीसाठी प्राण्यांच्या जोड्या लावण्याचा खेळ घरीच करावा असे मी ठरवले, तेव्हा माझी नजर या पिशवीकडे गेली. जाड कागद, एक बाजू कोरी. त्यात मला काहीही गैर दिसले नाही, हे आता कबूल केले पाहिजे.

नात साडेतीन वर्षांची. मुलगा आणि सून करी रोडच्या एका टॉवरमध्ये राहतात, आणि दोघांच्या नोकऱ्यांमुळे बालवर्ग सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत ती आमच्याकडे असते. वर्गातल्या बाईंनी सांगितले होते की घरी हिच्याकडून जोड्या लावून घ्या, गाईला गाय, मांजराला मांजर. मुलगा म्हणाला, "बाबा, ऑनलाइन मागवतो. उद्या येईल."

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?"

त्या एका शब्दामागे एक कावळा होता. मुलगा साधारण याच वयाचा असताना त्याने कावळा काढून मला आणून दाखवला होता. कावळ्याला चार पाय होते. मी तेव्हा इमारतींचे नकाशे तपासण्याच्या नोकरीत होतो. दुसऱ्याच्या रेषेतली चूक शोधणे हेच माझे काम. मी आवाज न चढवता, अगदी प्रेमाने, खोडरबर घेतले आणि त्याचे दोन पाय खोडले. कावळा बरोबर झाला. मुलाने त्यानंतर मला एकही चित्र दाखवले नाही, आणि दाखवत नाही हे लक्षात यायला मला कित्येक वर्षे लागली. नातीने आपणहून काहीतरी घेऊन माझ्यापुढे यावे, एवढीच माझी इच्छा उरली होती. खेळ हे निमित्त.

बाप्पावर कात्री चालवायची नाही, हा नियम मी स्वतःच घातला. म्हणून प्रत्येक पत्ता असा कापला की गणपती अखंड राहील. बारा जोड्यांचे चोवीस पत्ते झाले. कोऱ्या बाजूवर मी मेणाच्या खडूंनी प्राणी काढू लागलो. तीस वर्षे लोकांच्या रेषा तपासल्या, तेव्हा चार रेषा आपल्यालाही येतील असा माझा समज होता.

पत्नीने डाळ निवडता निवडता एक पत्ता उचलला. "अहो, हा टीपॉय कशाला काढलात?"

"गाय आहे."

"बरं." तिने दुसरा उचलला. "आणि ही तिच्यावर ठेवायची उशी?"

"ते कासव आहे."

शंका नको म्हणून मी प्रत्येक चित्राखाली नाव लिहिले. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी आपण हे लिहीत आहोत, हे चोविसाव्या पत्त्यानंतर माझ्या लक्षात आले. तेवढ्यात पत्नीने चिमण्यांचा एक पत्ता उलटून पाहिला आणि तो बाजूला ठेवला. "ही त्या दोघांची पत्रिका. वर्षाच्या आत वेगळे झाले. यांच्या पाठीवर चिमण्यांची जोडी नको. इथे काढायचंच तर घुबड काढा, एकटं राहतं." मी चिमण्या दुसऱ्या लग्नावर हलवल्या.

खेळ असा, की पत्ते पालथे मांडायचे, दोन उचलायचे, सारखे निघाले तर जोडी. मी चोवीस पत्ते जमिनीवर पालथे मांडले आणि मागे सरून बसलो. समोर चोवीस गणपती होते. नाचणारे, पिंपळपानातले, एका रेषेत काढलेले, सोनेरी, ठिपक्यांचे.

नातीने एक नजर टाकली. "हत्ती," ती म्हणाली आणि दोन पत्ते उचलले. "हत्ती, हत्ती. जोडी." मग आणखी दोन. मिनिटभरात सगळे पत्ते तिच्या मांडीवर होते. "जिंकले. परत मांड."

"नाही बाळा, चूक. हा बाप्पा. हत्ती नव्हे."

"याला सोंड आहे?"

"आहे."

"मोठे कान आहेत?"

"आहेत. पण—"

ती माझ्या उत्तराची सभ्यपणे वाट पाहत राहिली. मी नियम सांगितला, की जोडी मागच्या चित्रांची लावायची. शांतपणे, आवाज न चढवता. दुसऱ्या खेपेला पुन्हा 'चूक' म्हणालो, तिसऱ्या खेपेलाही. चौथी खेप झाली नाही. तिने पत्ते गोळा केले, दारामागच्या पिशवीत टाकले आणि माझ्याकडे पाठ करून पत्नीजवळ बसली.

संध्याकाळी मुलगा तिला न्यायला आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "आजोबा चूक म्हणतात."

तो तिच्या चपलेचा पट्टा लावत होता. वर न पाहता म्हणाला, "हो गं. म्हणतात."

पुढचे तीन दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. मी दोष पत्त्यांचा धरला आणि पुस्तकांना घालतात त्या खाकी कागदाने गणपती झाकू लागलो. हे पत्नीला आवडले नाही. "बाप्पाला कोंडलंत?" म्हणत तिने एक पत्ता हातात घेतला, तो नेमका मांजराचा. तिचा चेहराच बदलला. "अहो, बाप्पाच्या पाठीवर मांजर? त्याचा उंदीर काय म्हणेल?"

मी सुशिक्षित माणूस आहे. तरीही पुढच्या पाच मिनिटांत आम्ही दोघे फोन स्पीकरवर टाकून आमच्या घरच्या गुरुजींशी बोलत होतो. ते कुठल्याशा वास्तुशांतीत होते. मागे भांडी वाजत होती.

"मांजर एकच आहे का?" गुरुजींनी विचारले.

"दोन," मी म्हणालो. "जोडी आहे."

"आणि उंदीर?"

"उंदीर काढलेला नाही."

"मग तो काढा आधी. वाहनाला जागा नाही आणि मांजराला आहे, हे कसं दिसतं? आणि तो खाकी कागद सोडवा हो. गुदमरल्यासारखं होतं." पुन्हा भांडी वाजली आणि फोन बंद झाला.

चौथ्या दिवशी, शनिवारी, मुलगा दुपारीच नातीला घ्यायला आला होता आणि चहासाठी थांबला होता. मी जमिनीवर बसून गुरुजींच्या आज्ञेप्रमाणे उंदीर काढत होतो. पहिला बऱ्यापैकी जमला. दुसरा काढताना नात माझ्या मागे येऊन उभी आहे हे मला जाणवले. मी मान वळवली नाही. लक्ष मात्र तिच्याकडेच होते. पत्ता पूर्ण करून पहिल्याशेजारी ठेवला.

माझ्या खांद्यावरून एक बोट पुढे आले. "एक, दोन, तीन, चार, पाच." बोट थांबले. "आजोबा, चूक. याला पाच पाय."

मी मोजले. पाचच होते. शेपूट त्यात धरली नव्हती.

"हो," मी म्हणालो. "चुकलो."

मुलाने कप खाली ठेवला. नातीने माझ्या तोंडाकडे वाकून पाहिले. आजोबा चुकले की कसे दिसतात, याची तिला उत्सुकता असावी.

"खोडू का?" मी तिला विचारले. हात सवयीने खोडरबराकडे गेलाही होता.

"नको रे." तिने माझ्या हातातला खडू काढून घेतला, पोटावर पालथी पडली आणि जीभ बाहेर काढून पहिल्या, बऱ्यापैकी जमलेल्या उंदराला पोटाच्या मधोमध पाचवा पाय काढला. तो इतर चारांपेक्षा लांब होता. मग तिने दोन्ही पत्ते उचलले आणि माझ्या डोळ्यांसमोर धरले.

"आता जोडी," ती म्हणाली. "बघ."

मी पाहिले. बराच वेळ पाहिले, कारण ते मला दाखवले जात होते.

"बाबा," मुलगा म्हणाला, "पिशवीत आणखी पत्रिका आहेत का?"

पत्नीने पिशवी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक पत्रिका निवडली, बाप्पा खालच्या बाजूला करून मुलीशेजारी मांडी घातली आणि काळा खडू मागितला. नातीने तो त्याला दिला.

मी चहाचे कप उचलून मोरीत नेले आणि नेहमीपेक्षा सावकाश विसळले. तो काय काढतो आहे हे मी पाहिले नाही. तिथे बसलो असतो, तर पाय मोजले असते.