माशीची साक्ष

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील बुवाबाजीविरुद्ध लिहायचे आणि मी शाळेतून आले की त्या कागदांच्या घड्या घालायची. ते सांगायचे, पत्रक प्रश्नावर संपवावं, म्हणजे वाचणारा तो प्रश्न घरी घेऊन जातो. हे मी नको तेवढं चांगलं शिकले.

दोन वर्षांपूर्वी मी जळकोटच्या आसपासच्या शाळांमधून विज्ञानाचे प्रयोग दाखवत फिरत होते. मुलांना आवडायचा तो माशीचा. काडीच्या टोकाला मेणानं माशीची पाठ चिकटवायची आणि तिचे पाय साखरेच्या पाण्याला टेकवायचे. लगेच सोंड बाहेर येते, कारण माशीला पायानंही चव कळते. पायांवरच्या बारीक केसांत चव ओळखणाऱ्या पेशी असतात. काही गोडानं जाग्या होतात, काही कडवटानं. त्याच पाण्यात तापाच्या कडू गोळीची पूड मिसळली की सोंड आतच राहते.

"मॅडम, आमची आजी बी गोळी बघितली की असंच तोंड मिटती," एक मुलगी म्हणाली आणि वर्ग हसला.

त्याच आठवड्यात बाजारात गोडीशेव विकणारे एक चाचा दिसले. गुळाच्या पाकातली शेव पाटीत भरून वर पातळ फडकं टाकलेलं. शेजारच्या पाटीवरचं फडकं माश्यांनी काळं झालं होतं, चाचांचं मात्र स्वच्छ. माश्या येत, टेकत आणि लगेच उडत. मी दहा मिनिटं बघत उभी राहिले. मला वाटलं, सापडलं. पाकात काहीतरी घातक रसायन आहे आणि माशीच्या पायाला ते कळतंय.

दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं. नाव लिहिलं नव्हतं, पण 'स्वच्छ फडक्याची गोडीशेव' म्हटल्यावर कुणाला कळायचं राहणार? शेवटची ओळ होती: जे माशीनं नाकारलं, ते तुम्ही लेकरांना का चारता?

चार दिवसांत ते माझ्याच मोबाईलवर परत आलं. माझ्या प्रश्नाखाली कुणीतरी चाचांच्या धर्माबद्दल दोन ओळी जोडल्या होत्या. मी संतापले. त्या ओळींविरुद्ध लिहायला बसले. माझ्या ओळींबद्दल मला अजून काहीच वाटत नव्हतं. पुढच्या दोन बाजारांत चाचांची जागा रिकामी दिसली, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. त्या दोन ओळींचा निषेध करायचा होता आणि रसायनाचं नावही विचारायचं होतं. खरंच, दोन्ही.

दारात चाची धान्य पाखडत होत्या. मी पत्रक माझं असल्याचं सांगितलं. त्यांचं सूप थांबलं.

"रसायन? कडुलिंबाचा पाला उकळायचा, त्या पाण्यात फडकं बुडवून वाळवायचं. माशी टेकली की पाय कडू होतो, उडती. माझी सासू करायची, म्या बी करती." मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "एवढी शिकलेली तू. माशीचं ऐकलंस, माणसाला इचारायचं न्हवतं व्हय?"

कडू ओळखणाऱ्या पेशी जाग्या झाल्या की गोडाची खबर दबून जाते, हे मीच वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगायची. माश्या कापडावर बसत होत्या, शेवेवर नाही, हेही मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

चाचा आता हायवेवरच्या एका हॉटेलात भजी तळतात. मी माफीचं पत्रक लिहून तिथं गेले. त्यांनी कढई उतरवली, हात पुसले आणि म्हणाले, "वाच, बेटा."

मी वाचलं. 'एका गरीब, निष्पाप विक्रेत्यावर' इथं त्यांनी हात वर केला.

"गरीब काढ. निष्पाप बी काढ. म्या काय कोर्टात उभा न्हाय."

"मग काय लिहू, चाचा?"

"शेव चांगली व्हती, एवढं लिही. लई झालं."

"बाजारात परत बसा. मी शेजारी उभी राहते."

ते हसले. "तू उभी राहिलीस तर लोक म्हणतील, आता पोलीस बी बसवला. न्हाय बेटा. कढई, झारे, समदं देऊन टाकलं. पुन्यांदा न्हाय करायचा तो धंदा."

मी दोन्ही शब्द खोडले. पेन टेकवला आणि थांबले.

"लिही की," ते म्हणाले. "तू तर खाल्लीच असशील न्हवं?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या दहा मिनिटांत नाही, त्याआधीही कधी नाही.

चाचांनी कढई पुन्हा चुलीवर चढवली. त्यांनी मागितलेलं ते एकच वाक्य माझ्या सहीखाली येऊ शकत नव्हतं, आणि आता ते खरं करून घ्यायला शेवही कुठं मिळणार नव्हती.