तार चांगली होती

रेडिओ दुरुस्त झाला की भाऊ कधी रेडिओकडे बघत नसत. बटण फिरवायचे, मान वळवायचे आणि दाराशी बसलेल्या बायकोला विचारायचे, "काय म्हणते व?"

वहिनी स्टुलावर बसलेल्या असत. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ नाहीतर तांदूळ. निवडणं न थांबवता त्या क्षणभर कान देत आणि उजवा पंजा वर करत. पंजा स्थिर राहिला म्हणजे आवाज स्वच्छ. पंजा हलला म्हणजे खरखर अजून आहे. मग भाऊ पुन्हा झाकण उघडत.

घाटंजीच्या बसस्टँडजवळ त्यांची टिनाची खोली होती. गिऱ्हाईक तिथं बसून चहा प्यायचं आणि या जोडप्याची मजा बघायचं. मीही बघायचो. एकदा मी विचारलंच, मिस्त्री नेमकं कोण, तुम्ही की वहिनी? भाऊ हसून म्हणाले, "हात माह्ये, कान तिचे." आम्ही सगळे हसलो. या वयात काय प्रेम आहे बुवा, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने वर मलाच टोमणा मारला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीत ॲम्प्लिफायर बनवतो. शिकवण्याचं सोडा, पण ॲम्प्लिफायर बनवणारा माणूस फार लवकर शेफारतो. तुमच्यात कोणी असेल तर मनातल्या मनात कबूल करा. दोन पुस्तकं वाचली, चार व्हिडिओ बघितले की आपल्याला वाटतं, बाजारातल्या मिस्त्रीला काय कळतं! मी त्याच तोऱ्यात त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेलो होतो. डाग देताना मी सोल्डर थेट गरम सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून तारेवर थापत होतो. भाऊंनी माझ्या हातातून आयर्न काढून घेतलं. आधी तार तापवायची, तारेला सोल्डर लावायचं, तिनं स्वतः ओढून घेतलं तर डाग बसला. थापलेला डाग दिसतो छान, आतून सुटा असतो. त्याला ते थंडा टाका म्हणायचे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अशा किती गोष्टी त्यांनी मला फुकट शिकवल्या. पिन काळी पडली तर पॉलिश पेपर लावायचा नाही, वरचा मुलामा जातो. शाळेतला खोडरबर घासायचा. पिन बसवताना सॉकेटमध्ये चारदा फिरवायची, गंज आपोआप खरवडला जातो. काहीही सोडवण्याआधी कोणती तार कुठं होती ते कागदावर काढायचं, कारण आपली आठवण आपल्याला वाटते तेवढी चांगली नसते. प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट बसलेला असतो, म्हणून एक हात पाठीमागे ठेवायचा. मी आजही एक हात पाठीमागेच ठेवतो. वर्गातसुद्धा. पोरं नक्कल करतात.

पण एका बाबतीत आमचं जमायचं नाही. त्यांच्याकडच्या तारा जुन्या होत्या. पारदर्शक कव्हरच्या आत तांबं पार हिरवं पडलेलं, काही ठिकाणी काळं. माझं म्हणणं, अशा तारेतून आवाज मंद होतो, वरचे सूर मरतात. मी नवी, जाड, चकचकीत तार मागवली होती आणि ती लावल्यापासून माझ्या घरचा आवाज कसा खुलला हे मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. भाऊ म्हणायचे, "तार हिरवी झाली म्हून आवाज हिरवा होते काय, सर? तुमच्या कानाले डोये आहेत."

त्यांचा हिशेब साधा होता. हिरवेपणा वरवरचा, आत तांबं तांबंच असतं. बिघडतो तो जोड. तारेचं टोक काळं पडलं असेल तर चांगलं तांबं दिसेपर्यंत छाटा, ब्लेडने हळू खरवडा, नवा डाग द्या, आणि तीच तार आणखी वीस वर्षं वापरा. मला ते पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंच नव्हतं, तार महाग पडली होती.

शेवटी मी म्हटलं, परीक्षा घेऊ. मधे चादर बांधायची, तिच्या मागे मी तारा बदलणार, भाऊंनी आमच्याकडे पाठ करून बसायचं आणि फक्त ऐकून सांगायचं. ते नको नको म्हणत होते. मला वाटलं, घाबरले. मी चेव येऊन दिवससुद्धा ठरवून टाकला. त्या दिवशी दाराशी स्टूल रिकामं होतं. वहिनी राळेगावला बहिणीकडे गेल्या होत्या.

नेमके तेव्हाच विहाराच्या कमिटीचे तिघं आले. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होणार होता, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. माइक, मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, भोंगा सगळं भाऊंकडे असायचं. ते मशीन त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. विहारात वंदना सुरू होण्याआधी कोपऱ्यात मशीनजवळ बसलेले भाऊ, आणि समोर बायकांच्या पहिल्या ओळीत बसलेल्या वहिनी, असं मी कित्येक वर्षं बघत होतो. कमिटीवाले मशीन बघायला आले होते, तमाशा बघत बसले.

मी भाऊंच्या मशीनला पहिल्यांदा हिरवी तार लावली, मग नवी. भाऊ म्हणाले, काही फरक नाही. मी पुन्हा अदलाबदल केली. पुन्हा तेच. आणि मंडळी, मला स्वतःलाही फरक कळला नव्हता. कमिटीवाल्यांनाही नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी चिडलो होतो. नव्या तारेचा आणखी एक तुकडा मी घरून आणला होता, त्याला पिन मी स्वतः डागलेली. तो लावला.

आणि चरचर सुरू झाली. गाण्याच्या वर बारीक, टोकदार चरचर, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. एकाने तर कानात बोट घातलं. माझाच थंडा टाका सुटला होता. मला वाटलं, आता भाऊ माझी चांगली खेचणार.

भाऊ पाठ करून बसलेले. मग त्यांची मान सवयीने दाराकडे वळली, स्टुलाकडे. तिथून ती माझ्याकडे आली. "काय म्हणते, सर?"

मी म्हणालो, "तुम्हीच सांगा."

हे दोन शब्द मी परत घेऊ शकलो असतो तर काय पाहिजे ते दिलं असतं. मला खरंच वाटलं होतं की ते माझी गंमत करताहेत. त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "काही फरक नाई."

कमिटीतला एक जण मोठ्याने हसला. भाऊंनी वळून त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तेही हसायला लागले, काय झालं ते न कळता. मग एकेकाच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली. त्यांनी उठून चादर बाजूला केली आणि स्पीकरवर तळहात ठेवला. ठोका हाताला लागत असेल, पण चरचर हाताला लागत नाही. ते तसेच उभे राहिले. मी स्विच बंद केला.

कमिटीचे लोक वाईट नव्हते. ते काही टाकून बोलले नाहीत. दोन दिवसांनी येऊन सांगून गेले, की यंदा दुसऱ्या साउंडवाल्याला सांगितलंय, तुम्ही आता आराम करा, पुढे येऊन बसत जा.

वहिनी परत आल्यावर मी दुकानात गेलो. भाऊ बाहेर गेले होते. वहिनी सुपातून वर न बघता म्हणाल्या, "मी चारच दिवस गेलती, सर. तेवढ्यातच तुम्हाले परीक्षा घ्याची होती काय?"

मग त्यांनी सांगितलं. उभा जन्म भोंग्याच्या तोंडाशी काढून भाऊंचे कान गेले होते, बारा वर्षं झाली. जाड आवाज यायचा, बारीक येत नसे. माणसाचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे. खरखर मात्र ओठांवर दिसत नाही, म्हणून वहिनी दुकानात बसायला लागल्या. डाळ काय, घरीही निवडता आली असती. बारा वर्षं मी समोर बसून चहा प्यालो आणि विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाला काही कळलं नाही.

पुढच्या रविवारी भाऊ माझ्या घरी आले, पहिल्यांदाच. हातात माझा तो तारेचा तुकडा होता. पिन कापून, टोक छाटून त्यांनी नवा डाग दिला होता. डाग असा की बघत राहावं. माझ्या तोंडाकडे नीट बघत ते म्हणाले, "टाका थंडा होता, सर. तार चांगली आहे. कमिटीले एवढंच सांगजा, जोड तुमचा होता. बाकी काही सांगू नका."

बस, एवढंच मागितलं त्यांनी. कान चांगले आहेत असं खोटं सांगा म्हणाले नाहीत. चूक कोणाची ते सांगा म्हणाले, कारण लोकांच्या डोक्यात बसलं होतं की चरचर भाऊंच्या मशीनची. पौर्णिमेला अजून आठ दिवस होते. मी हो म्हणालो.

मी गेलो नाही. आधी शाळेचं काम होतं. मग वाटलं, सांगून तरी काय होणार, ऐकू तर येतच नाही त्यांना. आणि सगळ्यात खालचं, खरं कारण हे की गावात सायन्सचे सर म्हणून मिरवतो आणि डाग थंडा, हे त्या तिघांसमोर बोलायला माझी जीभ उचलेना. पौर्णिमा झाली. वाचन सुरू झालं. भाऊ पांढरा शर्ट घालून पुरुषांत पुढे बसायचे. कोपऱ्यातल्या नव्या मशीनकडे बघायचे नाहीत.

त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. दुकान चालू होतं, वहिनी स्टुलावर होत्या. फक्त "काय म्हणते व?" बंद झालं. वहिनी न विचारताच पंजा वर करायच्या, ते बघायचे नाहीत. घरी नेऊन ऐका, एवढं म्हणून रेडिओ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. एकदा मी त्यांच्यासमोर बसून स्पष्ट ओठ हलवत म्हणालो, भाऊ, मस्त वाजून राह्यला. त्यांनी मान खाली घातली आणि स्क्रू आवळत बसले. मी उठून आलो. त्या दिवशी घरी येऊन मी रडलो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

थंडी सरता सरता ते गेले. तीन दिवस ताप आला, आणि संपलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारातच होता. साउंडवाला दुसऱ्या गावी अडकला होता, म्हणून दुकानातून भाऊंचं जुनं मशीन आणलं. मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं, मी कागद लिहून नेला होता. मी उभा राहिलो आणि माइक चरचरायला लागला. कोणीतरी म्हणालं, तार पार हिरवी झाली आहे, फेकून द्या, दुसरी आणतो. मी म्हटलं, थांबा. खिशात त्यांनी दिलेला खोडरबरचा अर्धा तुकडा होता. पिन काढली, घासली, सॉकेटमध्ये चारदा फिरवली. एक हात पाठीमागे होता.

मग माइकसमोर येऊन, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "काय म्हणते?"

ते सगळ्या विहारभर ऐकू गेलं. माणसं माझ्याकडे बघायला लागली. बायकांच्या पहिल्या ओळीत वहिनी पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या, खाली मान घालून. त्यांनी मान वर केली नाही. उजवा पंजा तेवढा वर गेला. स्थिर.

मी कागद घडी करून खिशात घातला. कमिटीचे तिघंही समोर बसले होते. मी म्हणालो, "त्या दिवशी तार चांगली होती. मशीनही चांगलं होतं. जोड माझा होता."

आवाज स्वच्छ गेला, पार मागच्या भिंतीपर्यंत. आषाढात बोललो असतो तर भाऊंना काही तो ऐकू आला नसता. पण ते पुढेच बसायचे, माझ्या ओठांवरून त्यांनी वाचलं असतं. मी माइक धरून तसाच उभा राहिलो, आणि वहिनींनी हात अजून खाली घेतला नव्हता.