विंडोज ९८ आणि प्रज्ञाची लग्नपत्रिका

वैजयंती दामोदर विशे… अशी पूर्ण नावाने हाक मारली की तू विचारायचीस, "आता काय चुकलं माझं?" काही चुकलेले नाही. शहापूरच्या तुझ्या टायपिंगच्या गाळ्यात परवा जे घडले, ते तुला आणि इथे हे वाचणाऱ्या मित्रांना सांगावेसे वाटले.

तुझ्या संगणकावर अजून विंडोज ९८ च होती. कंपनीने तिला आधार देणे थांबवले, दुरुस्तीवाला हात लावेना, आणि छापखान्याला हवा असलेला पेन ड्राइव्ह तिला ओळखता येईना. नवा संगणक घेतला होता, परंतु तो खोक्यातच पडून होता…

कारण तू टाइप केलेल्या लग्नपत्रिका. तुझा जुना फॉन्ट नव्या प्रणालीवर चालत नाही, अक्षरांच्या जागी नुसत्या खुणा उमटतात. आपल्या मोठ्या पुतणीच्या पत्रिकेत निमंत्रकांच्या रांगेत 'सौ. वैजयंती दामोदर विशे' आहे. तेवढे वाचण्यासाठी मी गाळा उघडत असे.

तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या प्रज्ञाचे लग्न आहे, मुरबाडला. परवा ती आणि तिची आई, म्हणजे आपल्या वहिनी, गाळ्यात आल्या. पत्रिका मोठीच्या पत्रिकेसारखीच हवी होती. मी जुनी फाइल उघडली आणि संगणक थिजला… पुन्हा चालू केला, पुन्हा थिजला.

"भावोजी, या डब्याची जेवढी सेवा करता, तेवढी मी सासूची पण नाय केली," वहिनी म्हणाल्या. "पत्रिका काय हळदीच्या दिवशी वाटू?"

प्रज्ञा हसली. "काका, नव्यावर करू ना. मी टाइप करते. काकूनेच शिकवलंय."

तिने खोके उघडले. जुना संगणक एकदाचा सुरू झाला, आणि त्याच्या पडद्यावरून मी मजकूर सांगू लागलो. निमंत्रकांत तुझे नाव आले आणि मी थांबलो. तुला आता वरच्या, आशीर्वादाच्या ओळीत न्यायचे होते.

"सौ. काढ," एवढेच मला म्हणता आले.

"काढायचं नाय!" वहिनी ताडकन म्हणाल्या. "सवाशीण गेली ती. सौ. तिचंच हाय. त्याच्या आदी कै. लाव गो, झालं."

प्रज्ञाने तसेच टाइप केले… 'कै. सौ. वैजयंती दामोदर विशे.' इतकी वर्षे तू टाइप केलेल्या पत्रिकांची मुद्रिते मी तपासली. ही प्रथा मला ठाऊक होती, परंतु स्वतःच्या घरी वेळ आली तेव्हा आठवली नाही. तुझे काहीच पुसायचे नव्हते.

नवा संगणक प्रज्ञाबरोबर तिच्या सासरी मुरबाडला जाईल, तिथे ती तुझेच काम चालवणार आहे. जुना मी घरी आणला आहे, त्याच्याकडून आता काही काम घ्यायचे नाही. वहिनींचे आभार समोरासमोर मानता आले नाहीत, ते येथे मानतो.

आज गाळा झाडून घेतला, दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या मालकांना परत केल्या.