आईनं न घेतलेलं नाव

आमचा कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर माझा चहा पिऊन कप विसळून व्हायचा. शेवटी वैतागून तो भूमच्या बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडं नेऊन टाकला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "सर, सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकावं लागंल. जपायचं काय ते आधी काढून घेतो." मी खिशातला पेन ड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला, "सगळंच काढा, पण संध्याकाळपर्यंत मशीन पाहिजे" असा दम भरला आणि नळदुर्गला मतमोजणीच्या ड्युटीवर गेलो. तिथं मोबाईल दारातच जमा करून घेतात.

जपायचं असं खरं तर एकच होतं. वडिलांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आवाज जाईल असं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून आदल्या दिवशी मी त्यांना माइकपुढं बसवलं. जन्मभर बैलांशी मोकळेपणानं बोललेला माणूस, पण माइक बघून कोर्टातल्या साक्षीदारासारखा ताठ झाला. आधी स्वतःचं पूर्ण नाव, तालुका सांगितला, मग शेताबद्दल बोलले. ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच, पुढं वडीलही गेले. येळ अमावस्येला शेतात पूजेला निघण्याआधी आई दरवर्षी मला ते रेकॉर्डिंग लावायला सांगायची आणि हातातलं काम टाकून ऐकायची. यंदाची येळ अमावस्या तोंडावर आली होती.

भावकीतल्या प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर करायची माझी मास्तरकी खोड. कुणाचा सातबारा, कुणाचा दाखला, कुणाच्या लग्नाचे फोटो. वडिलांचा आवाजही असाच त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये होता.

पेन ड्राइव्हमध्ये सगळं मावेना. दुरुस्तीवाल्यानं मला फोन लावला, तो बंद. मग त्यानं मी लिहून दिलेल्या घरच्या नंबरवर लावला आणि आईनं उचलला.

"मावशी, जागा कमी पडाय लागली. कुणाकुणाचं ठिवू? नावं सांगा."

आईनं अख्खी भावकी सांगितली. बांधावरून जिच्याशी बोलणं बंद आहे, त्या जावेचंसुद्धा नाव घेतलं. शेवटी म्हणाली, "आन् आमच्या मालकाचं."

"त्यांचं नाव काय?"

"त्ये माझा ल्योक सांगंल तुमाला."

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर नवऱ्याचं नाव आईच्या ओठावर कधी आलं नाही. त्या दुकानदाराला मी नुसता 'सर' म्हणून ठाऊक, वडिलांचं नाव त्याला कुठून कळणार? आणि आमचं आडनाव तर भावकीभर एकच.

संध्याकाळी मी दुकानात पोचलो तेव्हा मशीन नवरीसारखं सजून बसलं होतं. तो म्हणाला, "तुमचा फोनच लागंना, आन् तुम्हाला तर संध्याकाळपर्यंत मशीन पाहिजे होतं. मावशींनी नावं सांगितली तेवढी घेतली. राहिलेलं एवढं काय महत्त्वाचं नसंल म्हणलं." दुसऱ्या दिवशी मशीन सोलापूरला नेलं. तिथल्या माणसानं वडिलांचा फोल्डर परत काढायची बराच वेळ खटपट करून मान हलवली. जुन्यावर नवं बसलं होतं.

घरी येऊन मी आईवर ओरडलो. "एक नाव घेतलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं? माणूस गेला, आता कसली लाज?"

"हयात असताना घेतलं न्हाय," आई म्हणाली, "आन् त्येंच्या माघारी घिऊ व्हय?"

भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. पेन ड्राइव्ह माझा, घाई माझी, आणि तिनं जन्मभर पाळलेलं मी एका फोनसाठी मोडायला सांगत होतो. फार हतबल वाटलं. वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि या खेपेला तर मी दवाखान्यातसुद्धा पळू शकत नव्हतो.

येळ अमावस्येला शेतात कडब्याची कोप उभारली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली. पालेभाज्यांची भज्जी आणि भाकरी खाऊन मी आंबिलीचा तांब्या घेऊन बसलो होतो. आई म्हणाली, "त्यो मोबाईल चालू कर. म्या सांगती."

मी रेकॉर्डिंग चालू केलं. आई ताठ बसली.

"मी..." म्हणून ती थांबली. एक नाव घ्यायला लागतो तेवढाच वेळ थांबली. मग पुढं, "राहणार तालुका भूम. हिरीवरल्या मोटारीची पेटी उघडायच्या आधी पायात चप्पल घालायची. हिला सांगून दमलो, ही ऐकत न्हाय. लिंबाच्या खालची जमीन भिजली की मग पाणी वरच्या वाफ्याला सोडायचं..." एकही शब्द सुटला नाही. वडील खोकले होते तिथं तीही खोकली.

शेवटपर्यंत गेल्यावर मी म्हणालो, "आई, नाव राहिलं."

"त्ये तू घाल," ती म्हणाली.

मोबाईल चालूच होता. मी तोंड उघडलं, पण घशातून आवाज फुटेना.