दादा गेला त्या विहिरीवर

"काठावरनं खाली उतर! पूजेच्या पान्यावर सावली पाडतीस व्हय?" सरपंच ओरडला. त्याच्या पुतण्यानं माझी कळशी लाथेनं उडवली.

दुष्काळाची सालं. पाथर्डीकडचं आमचं गाव. नव्या विहिरीच्या तळाला गुडघाभर गढूळ पाणी लागलं होतं.

ती विहीर आम्ही खणली, महारवाड्यातल्या माणसांनी. खाली दादा, माझा थोरला भाऊ, पहार मारायचा. मी दोरानं मुरमाची पाटी वर ओढायची. एका दुपारी कड ढासळली. दादा खालीच होता. उपसून काढला, तेव्हा पहार मुठीत तशीच होती. बोटं सोडवावी लागली.

मग कुणी उतरेना. शेवटी आईनं पदर खोचला.

"माझा ल्योक हितं गेलाय. आता पानी लागंस्तोर थांबायचं न्हाई."

तिच्यामागं येलसाबाई उतरली. जर्मनीची पोरगी, विशीतली. दुष्काळात राबायला आपणहून आलेली. शाळेच्या पडवीत झोपायची, आमच्यात भाकरी खायची. तळहात सोलले तर चिंध्या बांधून पाट्या उचलायची. एका संध्याकाळी खालून चिमूटभर माती घेऊन आली. माझ्या गालाला लावली. "ओलं," म्हणाली. "ओलं हाय!" दादा गेल्यावर आई पहिल्यांदा हसली. हसता हसता रडली.

पाणी लागलं त्या दिवशी गाव जमलं. नारळ फुटला. पहिला तांब्या येलसाबाईला दिला. आमच्या मडक्यातलं पाणी पिणारी ती. तिचा विटाळ नव्हता. विटाळ आमचा.

मी कळशी घेऊन पुढं झाले, आणि कळशीला लाथ बसली.

येलसाबाईच्या हातात तांब्या तसाच. तिनं सरपंचाला विचारलं, "का?"

"बाई, तुमाला न्हाई कळायचं. हितली रीत हाय."

आई माझा हात ओढू लागली. "चल. वाढतील ते पानी वरनं."

का? एवढाच शब्द. आमच्यातल्या कुणी तो कधी उच्चारला नव्हता. मी विहिरीत पाहिलं. कड ढासळली तिथली माती अजून लाल, उघडी होती.

मी कळशी उचलली. दोर बांधला. खाली सोडली. पुतण्यानं माझे केस धरले. मी दोर सोडला नाही. तळहातावरून कातडं निघालं. येलसाबाईनं तांब्या खाली ठेवला, दोर धरला. मग आईनं धरला. कळशी वर आली. काठावर उभी राहून मी पाणी प्याले. मातीची चव होती. दादा आठवला. घोट गिळला.

गावानं आमचं काम बंद केलं. दुकानदार मीठ देईना. तक्रारी वर गेल्या, येलसाबाईला पाठवणाऱ्या संस्थेनं तिला परत बोलावलं. जीपमध्ये बसताना ती रडत होती.

"माझ्यामुळे झालं?"

"न्हाई बाई. आमच्यामुळं. आमी केलं ते."

अजून भर दुपारी माती सरकल्याचा आवाज येतो मला. दचकून बघते. काही नसतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी विहिरीवर गेले. काठावर काठ्या घेऊन माणसं बसलेली.

"आता कोन हाय गं तुझ्या पाठीशी?" सरपंच म्हणाला.

"कुनी न्हाई," मी म्हणाले. "सरका. पानी भरायचंय."