एक दगड उचलू नका

नात लातूरला शिकवणीला असते. परवा गावी आली तेव्हा भूकंपावर लिहिलेला निबंध मला वाचून दाखवू लागली. ‘अनेक वास्तू क्षतिग्रस्त झाल्या.’ माझं डोकं सणकलं.

“बंद कर. घरं पडली म्हण की!”

“आबा, असं लिहिलं की सर शाबासकी देतात.”

जळो ती शाबासकी. मी तिसरी शिकलेला माणूस, पण असली भाषा काय करते ते डोळ्यानं बघितलंय.

भूकंपात माझा थोरला भाऊ भिंतीखाली गेला. वहिनी वाचली. आमच्यात मयताची जागा तशीच टाकत नाहीत. झाडून, सारवून दिवा लावतात. वहिनीनं तेच केलं. दगड वेचून कडेला रचले, माती ओढली, सगळं सारवलं.

चावडीपुढच्या पत्र्याच्या शेडवर सरकारी कागद डकवला होता. ‘पंचनाम्यापूर्वी क्षतिग्रस्त वास्तूचे निष्कासन केल्यास लाभार्थी अपात्र ठरेल.’ मी तो वाचला होता. अक्षर लागलं, अर्थ लागला नाही. गावात कुणालाच लागला नाही.

पंचनाम्याला साहेब आले. सारवलेली जागा बघून म्हणाले, “इथं घर होतं कशावरून?”

वहिनी म्हणाली, “भावजी, सांगा की ह्यांला. धनी हितंच गेले.”

मी सांगून दमलो. संगतीचा कारकून म्हणाला, “कागदावर स्पष्ट लिहिलंय. वाचता येत नाही का?”

“मला वाचता येतंय. तुम्हालाच लिहिता येत न्हाई!”

वहिनीचं सरकारी घर गेलं ते गेलंच. खालच्या आळीत साहेब अजून जायचे होते. मी चुना कालवला आणि त्याच शेडवर हातभर अक्षरात लिहिलं, ‘साहेब बघून जाईस्तोवर पडल्या घराचा एक दगड उचलू नका.’

कारकून धावत आला. “अशुद्ध आहे हे. पुसून टाका.”

“पूस बघू तू.”

पुसलं नाही त्यानं. खालच्या आळीत कुणी दगडाला हात लावला नाही. त्यांना घरं मिळाली. वहिनी मात्र पत्र्यात राहिली, उन्हाळ्यात भाजली आणि पत्र्यातच मेली.

हे ऐकून नातीनं ती ओळ खोडली. मग म्हणाली, “आबा, मी काय लिहू मग?”

“तुझी थोरली आजी पत्र्यात का मेली ते लिही. आणि असं लिही, की ती असती अन् तिला वाचून दाखवलं असतं, तर तिला कळलं असतं.”